७४ ला ‘बी’ आणि ६२ ला ‘ए’: श्रेणी ठरते तरी कशी?

प्रश्न: स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. तिसऱ्या सत्रात तिला गणितात ७४ गुण मिळाले आणि श्रेणी आली ‘बी’. डेटा स्ट्रक्चर्समध्ये गुण ६२ आणि श्रेणी ‘ए’. संलग्न कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणीला मात्र गणितात ७१ गुणांवर ‘ए प्लस’ मिळाला. सत्राची श्रेणीगुणांची सरासरी, म्हणजे एसजीपीए, ७.४४, आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांची, म्हणजे सीजीपीए, ७.४५, कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ७.५ मागतात. कॉलेजने लावलेल्या तक्त्यात गणिताची सरासरी ७६ व प्रमाण विचलन ८, आणि डेटा स्ट्रक्चर्सची सरासरी ५१ व प्रमाण विचलन १४, एवढंच लिहिलंय. वडील म्हणतात, ‘७४ म्हणजे डिस्टिंक्शन, कुठेतरी घोळ झालाय, रिव्हॅल (पेपरची फेरतपासणी) टाक.’ मित्र म्हणतात, ‘ऑटोनॉमसमध्ये रिव्हॅलचा काही उपयोग नसतो.’ अर्जाला चार दिवस उरलेत. ती विचारते: माझ्यावर अन्याय झालाय का? आणि आता मी करू काय?

उत्तर:

चार दिवस आहेत म्हणून आधी कामाचं सांगतो. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी आजच अर्ज कर. रिव्हॅलचा निर्णय मात्र ती प्रत हातात आल्यावर घे. असं का, ते पुढे येईलच. पण त्याआधी तुझ्या पत्रात न लिहिता गृहीत धरलेली एक गोष्ट बाजूला काढू. श्रेणी म्हणजे गुणांचं छोटं रूप, ७४ हे ६२ पेक्षा जास्त, म्हणून ७४ ची श्रेणी वरचीच हवी, असं तू धरून चालली आहेस. वडीलही तेच धरून चाललेत. त्यांच्या काळात ते खरंही होतं. तुझ्या कॉलेजात ते खरं नाही.

श्रेणी द्यायच्या दोन पद्धती आहेत. निरपेक्ष पद्धतीत गुणांचे टप्पे परीक्षेच्या आधीच छापलेले असतात. वर्गात कोणी काय केलं याच्याशी देणंघेणं नाही. सापेक्ष पद्धतीत आधी सगळ्या वर्गाचे गुण समोर मांडतात आणि त्या मांडणीत तू कुठे उभी आहेस त्यावरून अक्षर ठरतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची, म्हणजे सीबीसीएसची, मार्गदर्शक तत्त्वं आणली तेव्हा दहा गुणांची पट्टी सुचवली: ओ ला १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ शून्य आणि गैरहजर असल्यास शून्य. गुणांवरून अक्षर काढायला वरच्या दोन्ही पद्धती चालतील, असंही त्यात आहे. म्हणजे अक्षर आणि त्याचा श्रेणीगुण यांची जोडी बहुतेक ठिकाणी सारखी. त्या अक्षरापर्यंत पोचायची वाट मात्र ज्याची त्याची. आयआयटी मुंबईत तर अक्षरंही वेगळी, एए, एबी, बीबी अशा दोन-दोन अक्षरांच्या जोड्या; तिथे बीबी म्हणजे ८.

तुझ्या कॉलेजची नियमावली माझ्यासमोर नाही, पण तू दिलेले आकडे एका बऱ्याच रूढ असलेल्या सूत्रात चपखल बसतात. प्रमाण विचलन, ज्याला तुम्ही एसडी म्हणता, ते म्हणजे वर्गातले गुण सरासरीपासून साधारण किती पांगलेत याचं माप. सूत्र असं: सरासरीपेक्षा दीड एसडी किंवा त्याहून वर असेल तर ओ, एक ते दीडच्या मध्ये ए प्लस, अर्धा ते एकमध्ये ए, सरासरीपासून अर्ध्यापर्यंत बी प्लस. सरासरीच्या खाली अर्ध्या एसडीपर्यंत बी, मग सी, मग पी, आणि दीड एसडीच्याही खाली एफ.

आता कागद घे. गणितात सरासरी ७६, एसडी ८. अर्धा एसडी म्हणजे ४. बी प्लस सुरू होतो ७६ ला, ए ८० ला, ए प्लस ८४ ला, ओ ८८ ला. बी चा पट्टा ७२ पासून ७६ च्या आतपर्यंत. तुझे ७४ बरोबर त्यात. डेटा स्ट्रक्चर्समध्ये सरासरी ५१, एसडी १४, अर्धा एसडी ७. बी प्लस ५१ ला, ए ५८ ला, ए प्लस ६५ ला, आणि ओ फक्त ७२ ला! तुझे ६२ ए मध्ये. त्या पेपरात ७४ मिळाले असते तर ओ मिळाला असता. गणिताचा पेपर वर्गाला सोपा गेला, डेटा स्ट्रक्चर्सचा जड गेला, आणि श्रेणीने ते नोंदवलं. सरासरीपासून मोजलं तर गणितात तू पाव एसडी खाली आहेस आणि डेटा स्ट्रक्चर्समध्ये पाऊण एसडीहून थोडी वर.

म्हणजे ७४ ला अक्षर लावण्यात चूक दिसत नाही. तुझ्या मनात बहुधा पहिली शंका तीच होती.

यातली एक विसंगती मात्र खरी आहे, आणि ती तुला बोचली तर नवल नाही. यूजीसीच्या पट्टीत प्रत्येक अक्षरापुढे एक वर्णन आहे. बी पुढे लिहिलंय ‘सरासरीपेक्षा वर’. आणि तुला बी मिळालाय कारण तू वर्गाच्या सरासरीखाली आहेस! पट्टीतले शब्द एका कल्पनेतून आले, कटऑफचं सूत्र दुसऱ्या. गुणपत्रिकेच्या मागे छापलेली ती विशेषणं मनाला लावून घेऊ नकोस, आणि मिरवूही नकोस. अक्षरांना स्वतःचा अर्थ नसतोच. अमेरिकेतल्या माउंट होलिओक कॉलेजने १८९७ मध्ये अक्षरांची पट्टी वापरायला घेतली तेव्हा बी म्हणजे ८५ ते ९४ टक्के होते. पुढच्याच वर्षी पट्टी बदलली आणि बी झाला ९० ते ९४.

आता ‘अन्याय’. या शब्दाला मी हो किंवा नाही असं एका अक्षरात उत्तर देणार नाही. सापेक्ष पद्धतीचा हेतू चांगला आहे. पेपर काढणारा दरवर्षी वेगळा, कधी हात सैल, कधी आखडता; त्याचा फटका मुलांना बसू नये. डेटा स्ट्रक्चर्समध्ये या पद्धतीने तुझाच फायदा केला, त्याबद्दल पत्रात एक ओळही नाही. पण ही पद्धत एका जागी अडखळते: पेपर इतका सोपा असेल की बहुतेक जण ६८ ते ८४ मध्येच दाटीने बसतील, तर एसडी आक्रसतो आणि एकेका श्रेणीची रुंदी ४ गुणांवर येते. एका चिन्हाची चूक, एक श्रेणी गायब. तुझ्या गणितात नेमकं हेच झालंय. दोष शोधायचाच तर तो पेपरच्या पातळीत शोध. तो तुझ्यातही नाही आणि तपासणाऱ्यातही बहुधा नाही. विभागप्रमुखांकडे मांडायचा मुद्दा हाच आहे, आणि तो एकटीने मांडण्यापेक्षा वर्गाच्या प्रतिनिधीमार्फत मांडलेला बरा.

याच सूत्राचं दुसरं टोक बघ. गणितात दीड एसडी खाली म्हणजे ६४. सूत्र जसंच्या तसं लावलं तर ६३ गुणांचा मुलगा नापास! म्हणून शहाण्या नियमावलीत खाली एक पक्का आधार ठेवलेला असतो (४० च्या पुढे कोणी नापास होणार नाही, असा काहीतरी) आणि बऱ्याचदा वरही एक मर्यादा असते, की ठरावीक गुणांच्या पुढे ओ मिळेलच. वर्ग लहान असेल, साधारण तीसपेक्षा कमी मुलांचा, तर सरासरी आणि एसडी भरवशाचे राहत नाहीत; अशा विषयांना अनेक कॉलेजं निरपेक्ष टप्पेच लावतात. ऐच्छिक विषय निवडताना हे विचारून घ्यावं, कोणी आपणहून सांगत नाही.

आणखी एक प्रकार असतो, ज्याला कुठलंच सूत्र नाही. शिक्षक सगळे गुण उतरत्या क्रमाने लावतात: ९१, ९०, ८९, ८९, मग एकदम ८४, ८३, ८३, ८२, ८१, मग ७७. जिथे मोकळी जागा दिसते तिथे रेघ मारतात, म्हणजे एका गुणाने कोणाची श्रेणी जायला नको. मला हा प्रकार सूत्रापेक्षा माणुसकीचा वाटतो, पण विद्यार्थ्याला तो पडताळता येत नाही, आणि रेघ कुठे मारली यावर शंका आली तर दाखवायला कागद नसतो. तुझ्या कॉलेजने सरासरी आणि एसडी जाहीर तरी केलेत, ही छोटी गोष्ट नाही.

मैत्रिणीचे ७१ आणि तिचा ए प्लस हा विषय इथेच संपवू. तिच्या विद्यापीठात निरपेक्ष टप्पे आहेत. काही विद्यापीठांत ओ ८० ला सुरू होतो, काहींत ९० ला. जिथे ८० ला ओ, तिथे सहसा ७० ला ए प्लस. तिचा पेपर वेगळा, तपासणारे वेगळे, टप्पे वेगळे. तुमच्या दोघींच्या अक्षरांची तुलना म्हणजे एकीचे इंच आणि दुसरीचे सेंटीमीटर.

आता रिव्हॅल. तुला बी प्लस हवा तर एकूण गुण ७६ हवेत, म्हणजे २ गुण वाढायला हवेत. पण ते कुठून येणार, ते बघ. स्वायत्त कॉलेजांत साधारण २० गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे (आयएसई), ३० सत्राच्या मधल्या परीक्षेचे (एमएसई) आणि ५० सत्राअखेरच्या परीक्षेचे (ईएसई) अशी विभागणी असते, आणि ईएसईचा पेपर बऱ्याच ठिकाणी १०० गुणांचा घेऊन निम्मा करतात. तसं असेल तर एकूणात २ वाढवायला पेपरात ४ गुण वाढले पाहिजेत. पेपरात ३ वाढले तर एकूण ७५.५ होतील, त्याची पूर्ण संख्या करताना ७६ धरतात की नाही, हे नियमावलीत बघ. सगळं त्या अर्ध्या गुणावर अडू शकतं. आयएसई आणि एमएसईचे गुण रिव्हॅलमध्ये सहसा येतच नाहीत. ते पोर्टलवर चढवताना २३ चे १३ झाले असतील तर त्याला वेगळा अर्ज लागतो. तेव्हा पोर्टलवरचे अंतर्गत गुण तुला मिळालेल्या पेपरांशी आजच ताडून पाहा. ही चूक वाटते त्याहून सहज होते आणि दुरुस्तही सहज होते.

छायाप्रत आली की आधी पहिल्या पानावरच्या चौकटीतले गुण आतल्या गुणांशी जुळव. मग प्रत्येक उपप्रश्नाला गुण दिलाय का ते बघ. शून्यही लिहिलेलं असावं, रिकामी जागा म्हणजे न तपासलेलं उत्तर. पुरवणी जोडली असेल तर तिच्यातले गुण चौकटीत आलेत का? ‘कोणतेही पाच सोडवा’ असताना सहा सोडवले असतील तर कोणते पाच धरले? यातल्या चुका नुसत्या गुणपडताळणीत दुरुस्त होतात, रिव्हॅलची गरज नाही. त्यानंतर उत्तरसूची मागव आणि पायऱ्यांचे गुण बघ. समजा लाप्लासच्या उदाहरणात आंशिक अपूर्णांक बरोबर आहेत, व्यस्त रूपांतर बरोबर आहे, शेवटच्या ओळीत एक चिन्ह चुकलं आणि ८ पैकी २ दिलेत. इथे मागायला जागा आहे. ‘उत्तर बरोबर आहे पण ७ च दिले’ अशा ठिकाणी नाही.

असं बोट ठेवून दाखवता येण्याजोगे ३-४ गुण सापडले तर रिव्हॅल टाक. नाही सापडले तर नको. ‘टाकून तर बघू’ म्हणून टाकण्यात पैसे जातात, आणि काही ठिकाणी त्याहून जास्त जातं. अर्जाआधी परीक्षा विभागात तीन गोष्टी विचार. गुण कमी झाले तर कमी झालेलेच धरतात का? बदल ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच ग्राह्य धरायची अट आहे का? आणि गुण वाढल्यावर श्रेणी आधीच्याच कटऑफवर ठरते ना? सहसा कटऑफ गोठवलेले असतात, नाहीतर एकाच्या रिव्हॅलमुळे दुसऱ्याची श्रेणी खाली येईल. तरीही विचारून घे. ‘काही उपयोग नसतो’ म्हणणाऱ्या मित्रांपैकी कितीजणांनी आधी छायाप्रत घेतली होती, तेही विचारून बघ.

कॉलेजने छायाप्रत द्यायलाच नकार दिला, तर परीक्षा नियंत्रकांकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पुढची पायरी विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत ती असायला हवी. संस्था सार्वजनिक प्राधिकरणात मोडत असेल तर माहिती अधिकारातही स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका मागता येते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केलाय. पण त्याला वेळ लागतो, चार दिवसांच्या मुदतीत तो रस्ता बसत नाही.

आणि समजा रिव्हॅल झालंच नाही, बी तसाच राहिला. नुकसान नेमकं किती? श्रेणीगुण गुणिले क्रेडिट (विषयाचा भार), सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, हा एसजीपीए. तू दिलेल्या श्रेणी आणि क्रेडिट मांडले तर गणित ४ क्रेडिट बी म्हणजे २४, डेटा स्ट्रक्चर्स ४ क्रेडिट ए म्हणजे ३२, बाकीचे १० क्रेडिट धरून तुझे ७८. एकूण १३४, भागिले १८, म्हणजे ७.४४. गणितात बी प्लस असता तर ४ वाढले असते, १३८ भागिले १८, म्हणजे ७.६७. हा फरक डोळ्यांत भरतो. पण कंपन्या बघतात सीजीपीए. पहिल्या दोन सत्रांत २०-२० क्रेडिटवर ७.६० आणि ७.३०, म्हणजे १५२ आणि १४६. सगळे मिळून ४३२ भागिले ५८ म्हणजे ७.४५, बी प्लस असता तर ७.५२. (सत्रांच्या एसजीपीएची नुसती सरासरी काढू नकोस, क्रेडिटचा भार धरूनच काढायचं, तुझ्या बाबतीत योगायोगाने दोन्ही उत्तरं सारखी येतात, एखाद्या सत्रात २४ क्रेडिट असले की येणार नाहीत.)

कॅम्पसला साधारण सहाव्या सत्रापर्यंतचा सीजीपीए लागतो. पुढची तीन सत्रं २० क्रेडिटची धरली तर ११८ क्रेडिटवर ७.५ साठी ८८५ हवेत. ४३२ हातात आहेत, उरले ४५३, म्हणजे पुढे सरासरी ७.५५ ठेवायची. बी प्लस मिळाला असता तर ७.४८ पुरले असते. हा फरक ४ क्रेडिटच्या एका विषयातल्या एका पायरीएवढा आहे. कोणत्या विषयाला जोर लावायचा हे ठरवताना अक्षरापेक्षा क्रेडिट बघ: १ क्रेडिटच्या लॅबमध्ये ए प्लसचा ओ करण्यात १ गुण मिळतो, ४ क्रेडिटच्या थिअरीत बी चा बी प्लस करण्यात ४. तू लॅबच्या जर्नलवर किती रात्री घालवतेस ते मला माहीत नाही, पण बरीच मुलं उलटंच करतात.

वडिलांसाठी एक हिशेब. टक्के काढताना सीजीपीएला १० ने गुणलं तर ७४.५ येतात, ९.५ ने गुणलं तर ७०.८, आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या एका समतुल्य तक्त्याप्रमाणे, म्हणजे ०.७५ वजा करून दहाने गुणलं तर ६७. या तक्त्यात ६.७५ ला ६० टक्के आणि ७.७५ ला ७० टक्के आहेत. ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या सीजीपीएसाठी होता. तो इंजिनिअरिंगच्या गुणपत्रिकेला लावायची पद्धत का पडली कोण जाणे. तुझ्या गुणपत्रिकेच्या मागे किंवा नियमावलीत जे सूत्र छापलंय तेच तुझं, आणि फॉर्मबरोबर त्या पानाची प्रतही जोडत जा.

फॉर्ममध्ये ७.४५ चे ७.५ करू नकोस. सीजीपीए दोन दशांशांपर्यंतच काढायचा असतो, त्यापुढे आपण आपला गोल करायचा नसतो. पडताळणीत कंपनी गुणपत्रिका मागते तेव्हा हा फरक पहिल्या नजरेत दिसतो, आणि हातात आलेली ऑफर त्यावरून मागे घेतली जाऊ शकते.

‘इम्प्रूव्हमेंट (श्रेणी सुधारायला पुन्हा परीक्षा) देऊ का’ हेही तू पत्राच्या शेवटी सहज विचारलंयस. उत्तीर्ण विषयाला ती सोय बहुतेक स्वायत्त कॉलेजांत नसते. जिथे विषय पुन्हा नोंदवू देतात तिथे नवी श्रेणी एक पायरी खाली उतरवून देतात का, आणि ती जुन्या श्रेणीच्या जागी लागते की दोन्ही गुणपत्रिकेवर दिसतात, ते आधी विचार. ४ क्रेडिटच्या एका पायरीसाठी पुढच्या सत्रात अख्खा विषय डोक्यावर घ्यायचा, हा सौदा मला परवडणारा वाटत नाही. छायाप्रतीचा अर्ज तेवढा आज भर.